गाण्याचा लाइव्ह स्टुडिओ उभारताना काय आधी घ्यावं

मिरज-सांगली भागात मी गाण्याच्या बैठका, कीर्तनं आणि संगीताचे वर्ग लाइव्ह करते. स्वतःचा स्टुडिओ उभारायचा म्हणून लोक विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं कोटेशन असतं. मी ते आधी बाजूला ठेवायला सांगते. चित्र थोडं धूसर असलं तरी गाण्याचा श्रोता बसून राहतो. आवाज घुमायला किंवा तुटायला लागला, की तो उठतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: खोली, माइक, मिक्सर, मग लाइट, मग नेट आणि वीज. कॅमेरा सगळ्यांत शेवटी, उरलेल्या पैशांत.

खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागून झणझण परत आली, तर महागडा माइकही तीच झणझण टिपणार. बारा बाय पंधराच्या खोलीत खाली जाड सतरंजी आणि समोरासमोरच्या भिंतींवर रॉकवूलचे दोन इंची पॅनेल कापडात मढवून लावा. पॅनेल भिंतीला न चिकटवता दोन इंच पुढे लावलं तर जास्त काम करतं. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी काहीच होत नाही. पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो आणि डग्ग्याचा घुमारा तसाच ठेवतो, त्यामुळे आवाज आणखी कोंदट होतो. रस्त्यावरची वाहनं ऐकू येत असतील तर तो प्रश्न वेगळा: त्याला जड दरवाजा आणि फटींना रबर लागतं, पॅनेलनं बाहेरचा आवाज थांबत नाही. पंखा आणि एसी बंद ठेवून गाता येईल का, हेही आत्ताच पाहून घ्या.

माइक गायकाच्या कीर्तीवर नाही, खोलीवर ठरतो. खोली नीट झाली असेल तर मोठ्या डायफ्रामचा (आत थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक घ्या. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते, ती मिक्सरमधून मिळते. खोली अजून घुमत असेल तर शुअर कंपनीच्या एसएम५८ सारखा डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील माइक तोंडाजवळ ठेवून वापरा. पॉडकास्टवाल्यांच्या टेबलावर दिसणारा एसएम७बी अनेकांना हवा असतो, पण त्याला जवळपास ६० डेसिबल गेन द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आवाज मिक्सरमध्ये तेवढा वाढवावा लागतो. स्वस्त मिक्सर तेवढा गेन देताना सूं-सूं आवाज करतो आणि आलापाच्या शांत जागी तो स्पष्ट ऐकू येतो.

तंबोऱ्याला स्वतंत्र माइक द्याच. आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर एकेका तंबोऱ्याची जवारी (घोडी घासून तारेला आणलेली झंकार) लावायला किती जीव ओततात ते मी पाहिलं आहे. जवारीतून उमटणारे ते बारीक वरचे स्वर श्रोत्यापर्यंत पोचले नाहीत तर गायकाच्या पाठीमागे नुसती भुणभुण राहते. छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर घोडीच्या दिशेनं, साधारण फूटभर अंतरावर लावा. तबल्याला दोन माइक, पेटीला एक. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याचं वाद्य यांच्यामधल्या अंतराच्या तिपटीहून कमी नको, नाहीतर एकाच वाद्याचा आवाज दोन माइकमध्ये शिरून पोकळ होतो.

आता मोजा: गायक, तंबोरा, तबल्याचे दोन, पेटी आणि निवेदक. सहा झाले. दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) इथे पुरत नाही, किमान आठ माइक इनपुटचा यूएसबी मिक्सर हवा. मिक्सरच्या खोक्यावर आठ चॅनेल लिहिलेले असतात, पण त्यातले खरे माइक इनपुट चारच असू शकतात, म्हणून मागचं पॅनेल बघून घ्या. हेडफोन बंद कपांचे घ्या.

एक गोष्ट मला फार पोटतिडकीनं सांगायची आहे. ओबीएस या लाइव्ह करण्याच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारं फिल्टर) गाण्याला लावू नका. त्यातली आरएनएन-नॉइज ही पद्धत बोलण्याचा आवाज ओळखून बाकीचं दाबण्यासाठी घडवली आहे. तंबोऱ्याचा अखंड सूर तिला खोलीतला गोंगाट वाटतो आणि ती तो पुसून टाकते. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा नॉइज गेट तर मींडेचं शेवटचं टोकच छाटतो. दोन्ही बंद ठेवा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारं फिल्टर) लावलाच तर दोनास एक, हलका. तान जोरात गेली तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सेटिंग ठेवा. मिक्सर, कॉम्प्युटर आणि ओबीएस तिन्हीकडे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच असू दे.

चित्र कॅमेरा आणि स्विचरमधून (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्रातून) येताना मागे पडतं, आवाज मात्र लगेच पोचतो. तबलजीची थाप आधी ऐकू येते आणि हात नंतर पडतो. टाळी रेकॉर्ड करून किती फ्रेमचा फरक आहे ते पाहा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन फ्रेमचा फरक असेल तर आवाजाला १२० मिलिसेकंदांचा उशीर द्या.

लाइटमध्ये सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या पुढचे, ५६०० केल्विनचे म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे, सॉफ्टबॉक्स असलेले दोन एलईडी पुरेत. दोन्ही एकाच कंपनीचे घ्या आणि शक्यतो आत पंखा नसलेले. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, म्हणजे चित्र थरथरत नाही. घेण्याआधी दुकानातच लाइट मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. फडफड तिथेच दिसते.

कॅमेऱ्याला चारच प्रश्न विचारा. एचडीएमआयमधून स्क्रीनवरची अक्षरं-आकडे न येता स्वच्छ चित्र मिळतं का? डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारा, वायर असलेला ठोकळा) लावून थेट विजेवर चालतो का? मधेच आपोआप बंद होतो का? दोन तास चालवून तापतो का? सोनीचा झेडव्ही-ई१० कामाचा आहे, फक्त त्याचं मायक्रो एचडीएमआय पोर्ट नाजूक असतं, केबल क्लॅम्पनं बांधा. दोन कॅमेरे असतील तर एकाच मॉडेलचे घ्या आणि व्हाइट बॅलन्स हातानं पक्का करा.

स्विचर म्हणून ब्लॅकमॅजिकचा एटीईएम मिनी घेतात, त्याला चार एचडीएमआय इनपुट आहेत. साध्या मिनीला कॉम्प्युटर लागतोच. प्रो मॉडेल नेटची केबल लावून स्वतः स्ट्रीम करतं आणि यूएसबी डिस्कवर रेकॉर्डही करतं. ऐन बैठकीत कॉम्प्युटर अपडेट मागतो, तेव्हा प्रोचे जास्तीचे पैसे वसूल होतात. कॅमेरा दहा मीटरपेक्षा लांब असेल तर एचडीएमआयचा नाद सोडून एसडीआय या लांब पल्ल्याच्या व्हिडिओ केबलकडे वळा.

नेट वायफायवर नाही, केबलवरच. १०८० पिक्सेलच्या २५ फ्रेमला ६ एमबीपीएस देते, म्हणून अपलोड किमान १२ तरी हवा. आणि तो कार्यक्रमाच्याच वेळी, रात्री आठनंतर तपासायचा, दुपारी नाही. स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवण्याचं अंतर) २ सेकंदांवर ठेवा. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची हवी. काहीच नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून ठेवा.

यूपीएसवर राउटर, फायबरचा डबा, मिक्सर, स्विचर आणि एक कॅमेरा एवढं असलं की वीज गेली तरी गाणं थांबत नाही. स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं येत असेल तर सगळी उपकरणं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर आणा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तरीही गेली नाही तर डीआय बॉक्सचा (उपकरण आणि मिक्सरमध्ये लावायच्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडणारं बटण वापरा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

सगळं जोडून झालं की अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसणाऱ्या) लिंकवर तासभराची रंगीत तालीम करा. ती दुसऱ्या घरी बसून, आधी साध्या इअरफोनवर आणि मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तंबोरा दोन्हीकडे ऐकू आला पाहिजे. आणि एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबल लागतात त्यापेक्षा दोन जास्त घेऊन ठेवा.