‘एक्स्टेंड’ हे इंग्रजी क्रियापद कसे समजून घ्यावे आणि कसे वापरावे

पंचायत समितीत विस्तार अधिकारी असतात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षणाचा विभाग आहे आणि घरोघरी एक्स्टेन्शन बोर्ड असतो. या तिन्हींच्या मुळाशी ‘एक्स्टेंड’ हे एकच क्रियापद आहे. आपली मुले मात्र त्याचा अर्थ ‘वाढवणे’ एवढाच पाठ करतात, आणि मराठीतले ‘वाढवणे’ पगारालाही चालते, आवाजालाही चालते, म्हणून तिथेही ‘एक्स्टेंड’ लिहून मोकळी होतात. ही चूक टाळायची असेल तर पुढील क्रमाने जावे.

प्रथम शब्द फोडून पाहावा. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. हे तेंदेरे आणि संस्कृतातील ‘तन्’ हा धातू एकाच प्राचीन मुळाचे आहेत. ताण, तंतू, वितान हे आपले शब्द त्या धातूचे, तर इंग्रजीतला तंबूवाचक ‘टेंट’ तेंदेरेचा. वितान असो की टेंट, दोन्हींत ताणलेले कापडच आहे. म्हणून एक्स्टेंडचा अर्थ ‘वाढवणे’ असा न लिहिता ‘ताणून पुढे नेणे’ असा वहीत लिहावा. इंग्रजीत हा शब्द 14व्या शतकापासून आढळतो. त्या काळी जमिनीचे मोल ठरवणे असाही त्याचा एक अर्थ होता, जो पुढे मागे पडला.

यानंतर वावरातले एक चित्र मनात पक्के करावे. हरभऱ्याला तुषारचे पाणी द्यायचे आहे, विहिरीपासून निघालेले पाइप धुऱ्याच्या अलीकडेच संपतात, म्हणून शेवटच्या पाइपाच्या तोंडात आणखी एक वीस फुटी पाइप बसवला जातो. मागचे टोक जागचे हलत नाही, पुढचे टोक लांब जाते: हे एक्स्टेंड. याउलट पऱ्हाटीचे बोंड फुटते तेव्हा कापूस चहूबाजूंनी फुलून येतो. त्याला ‘एक्स्पांड’ म्हणतात, कारण त्यातील लॅटिन ‘पांदेरे’चा अर्थ पसरणे असा आहे. कोणता शब्द घ्यावा अशी शंका आली की वस्तू एका टोकाला धरलेली आहे का, हे पाहावे. पगाराला आणि आवाजाला असे टोक नसते, म्हणून पगारासाठी ‘इन्क्रीज’ किंवा ‘रेझ’ वापरावे.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण याच कसोटीला उतरते. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा भाग सुरू झाला, आणि टप्प्याटप्प्याने पुढे जात जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. नागपूरचे टोक तिथेच राहिले, म्हणून हा रस्ता एक्स्टेंड झाला. तोच रस्ता उद्या रुंद केला तर मात्र ‘वाइडन’ म्हणावे लागेल.

सर्वांत अधिक काळजी मुदतीच्या अर्जात घ्यावी, कारण तिथे एका छोट्या शब्दाने अर्थ बदलतो. किती दिवस वाढवून हवेत हे सांगताना ‘बाय’ येतो, आणि कोणत्या तारखेपर्यंत हवेत हे सांगताना ‘टिल’ किंवा ‘टू’. समजा, शेवटची तारीख 31 जुलै आहे. ‘प्लीज एक्स्टेंड द लास्ट डेट बाय टेन डेज’ असे लिहिल्यास 10 ऑगस्टपर्यंतची मागणी होते. मात्र ‘टिल टेन्थ’ एवढेच लिहून महिना गाळला, तर वाचणाऱ्याला तो अंदाजाने ठरवावा लागतो. तारीख लिहायची तर महिन्यासह लिहावी. ‘एक्स्टेंड अप टू’ हेही चुकीचे नाही, पण ‘टिल’ने काम भागते.

नामरूपे दोन ध्यानात ठेवावीत: मुदतवाढ ती ‘एक्स्टेन्शन’, आणि व्याप्ती तो ‘एक्स्टेन्ट’.

मदत, स्वागत आणि आमंत्रण यांच्यासोबतही हे क्रियापद येते, कारण तिथे हात पुढे केलेला असतो. पण हा वापर औपचारिक आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाची इंग्रजी निमंत्रणपत्रिका काढताना तो शोभतो; मित्राला जेवायला बोलावताना ‘इन्व्हाइट’ पुरेसा आहे.