कुरिअरमधून फुटून आलेल्या ७८च्या रेकॉर्डचं काय करायचं

बॉक्स हातात घेतल्यावर आतून खळ्ळ असा आवाज आला की समजायचं, गेली. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड व्हिनाइलची नसते, लाखेची असते, म्हणजे लाख, त्यात दगडाची भुकटी आणि रंगाला काजळी, त्यामुळे ती दबून वाकत वगैरे नाही, चिनीमातीच्या बशीसारखी सरळ फुटते. बालगंधर्वांची नाहीतर हिराबाई बडोदेकरांची कुत्रामार्का (एचएमव्हीची) रेकॉर्ड आपण हौसेने ऑनलाइन मागवतो आणि विकणारा ती एका पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून वर लाल स्केचपेनने फ्रॅजाइल लिहितो, झालं त्याचं काम. ते फ्रॅजाइल कुरिअरवाले वाचतात असं कुणाला वाटत असेल तर धन्य आहे.

असो. आधी फोटो काढा, बॉक्सचे बाहेरून, आतून, पत्त्याच्या लेबलचे, आणि आवाज येतोय म्हटल्यावर उघडतानाचा व्हिडिओच करा, कारण पैसे परत मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो. पॅकिंग फेकू नका आणि बॉक्स कचऱ्यात झटकू नका, कोपऱ्यात ज्या बारीक कपच्या पडलेल्या असतात त्या लागतात.

मग सगळ्यांना एकच मोह होतो, तुकडे एकमेकांना लावून बघायचा. नका लावू! दर वेळी कडा घासून थोडे कण झडतात आणि नंतर सांधा बसत नाही. तुकडे वेगवेगळे कागदात ठेवा आणि आधी ठरवा की तुम्हाला वाचवायचंय काय, वस्तू की गाणं. माझं विचाराल तर फुटलेली रेकॉर्ड परत चावीच्या ग्रामोफोनवर लावायला म्हणून जोडायचीच नाही. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेलं गोल डोकं, सुईवर शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो, ती स्टीलची सुई सांध्यावर आपटली की सांधाही जातो आणि आजूबाजूचे ग्रूव्ह, म्हणजे आवाज कोरलेल्या बारीक चऱ्या पण. जोडायची ती एकदा नीट वाजवून डिजिटल कॉपी काढण्यापुरती, नंतर तिला निवांत पडू दे.

धुवायची असेल तर जोडायच्या आधी, साधं पाणी, लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि तुटलेल्या कडांना फक्त कोरडा ब्रश. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यातलं काही चुकूनही नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले तिचं पॉलिश तसंच तर बनवतात. अ‍ॅसिटोनच्या वाटेलाही जाऊ नका.

नुसती केसाएवढी चीर असेल आणि दोन्ही बाजू वरखाली होत नसतील तर गोंद लावूच नका, तशीच हलक्या पिकअपवर (विजेच्या टर्नटेबलचा सुई धरणारा भाग) वाजते. पूर्ण दोन तुकडे झाले असतील तर सपाट काच घ्या, त्यावर कागद, त्यावर तुकडे ठेवून हळूच सरकवत आणा. आधी लेबलवरची अक्षरं जुळवा, मग भिंगाखाली ग्रूव्ह. इथे घाई करायची नाही, एका ग्रूव्हचीही चूक झाली तर सुई भलत्याच ठिकाणी जाते आणि गाणं उड्या मारत वाजतं. जी बाजू नकोय त्या बाजूने टेप लावून तुकडे धरून ठेवा, म्हणजे आधी कुठली बाजू हवी ते ठरवावं लागतं, कारण टेप काढताना मागची बाजू खराब होऊ शकते.

गोंद म्हणाल तर पातळ फेव्हिक्विक, तेही फक्त बाहेरच्या कडेला आणि लेबलच्या भागात, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच. फटीत ते आपोआप ओढलं जातं. ग्रूव्हवर सांडलं तर काढायला काही उपाय नाही, कारण ते ज्याने निघेल त्याने रेकॉर्डही जाईल. अ‍ॅराल्डाइटने जुळवायला वेळ भरपूर मिळतो हे खरं, पण त्याचा थर जाड बसतो, तुकडे लांब राहतात आणि ग्रूव्ह जुळत नाहीत. मी तर म्हणतो जमलं तर गोंद नकोच, टर्नटेबलवर खालून टेपने धरा, कॉपी काढा, संपलं.

वाजवताना पिकअप हलका आणि सुई ७८चीच हवी. एलपीची, म्हणजे व्हिनाइलच्या रेकॉर्डची सुई बारीक असते, ती ग्रूव्हच्या तळाशी खरडत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. सांध्यावर सुई खाली उतरत असेल तर चालतं, वर चढताना मात्र ती आपटते, म्हणून बसका तुकडा असेल त्याच्याखाली पातळ कागद सरकवून लेव्हल करा. आणि ७८ वर वाजवायचा हट्ट नको, ४५ वर सावकाश वाजवून रेकॉर्ड करा, सुई कमी उडते, नंतर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज स्पीडला जाऊन ४५ चं ७८ करायचं. ७८ च्या वेगाला एक फेरा साधारण पाऊण सेकंदाचा, त्यामुळे रेकॉर्ड मधोमध दुभंगलेली असेल तर एका फेऱ्यात दोनदा टक टक येतं, हे टक डीक्लिकने (सॉफ्टवेअरमधला टकटक काढणारा फिल्टर) बरंचसं जातं, उरलेलं हाताने काढा. पण त्याआधी कच्ची फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये जशीच्या तशी सेव्ह करून ठेवा, साफसफाई कायम कॉपीवर करायची.

तुकडाच गायब असेल तर कडेच्या कपचीचं टेन्शन घेऊ नका, तिथे बहुतेक वेळा गाणं सुरूच झालेलं नसतं. मधलाच गेला असेल तर तेवढा आवाज गेला. अमेरिकेत आयरीन नावाची सिस्टिम आहे, ती सुई न लावता ग्रूव्हचे फोटो घेऊन आवाज काढते, फुटक्या रेकॉर्डचाही, पण ते आर्काइव्हवाल्यांचं काम, आपल्या खिशाचं नाही.

आणि पुढच्या वेळी मागवताना विकणाऱ्याला आधीच लिहून द्या, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना रेकॉर्डपेक्षा मोठे कडक पुठ्ठे, त्यांच्या आतल्या नळ्यांच्या रेघा एकमेकांना आडव्या, आत रेकॉर्ड जराही हलता कामा नये, मग तो गठ्ठा मोठ्या बॉक्समध्ये आणि सगळीकडून दोन इंच बबल रॅप. जास्तीचे शंभर-दीडशे मीच देतो म्हणा, नाहीतर तो करणार नाही.