घरच्या गाडीसाठी हत्यारांची पेटी: काय घ्यावं, कशाने सुरुवात करावी, कसं वापरावं

जुलै महिना, ताम्हिणी घाट, धो धो पाऊस आणि पुढचं डावं चाक बसलेलं. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, गाडीबरोबर आलेला चाकाचा पानाही होता. चारपैकी तीन नट सुटले, चौथा जागचा हलेना. आठवड्यापूर्वी टायर बदलून घेतले होते आणि तिथल्या मुलाने हवेच्या गनने नट भरमसाट आवळले होते. मी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. पाना निसटला, नटाचे दोन कोपरे मारले गेले आणि माझी नडगी सोलवटली. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने सीटखालून दोन फुटी लोखंडी पाइप काढला, पाना नटावर पक्का बसवला, दांड्यावर पाइप चढवला आणि एका हाताने दाबला. कट्ट आवाज झाला, नट सुटला. "दादा, ताकद नका लावू, दांडा लांब करा," एवढं सांगून तो निघूनही गेला.

त्या दिवसापासून मी हत्यारांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. चांगलं हत्यार नटाचे कोपरे शाबूत ठेवतं आणि आपला हातही वाचवतं. अशी पेटी एका दिवसात विकत घेता येत नाही. एकेका कामागणिक ती भरत जाते. माझी पेटी भरायला दहा-बारा वर्षं लागली. तुमचा वेळ वाचावा म्हणून मी ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो क्रम इथे देतोय.

पहिली पायरी: आधी गाडी पाहा, मग दुकान

गाडीची पुस्तिका काढा आणि वहीत चार गोष्टी लिहा: चाकाच्या नटाचा माप, तो किती न्यूटन मीटरला (आवळण्याच्या पिळाचं माप) आवळायचा, टायरमधली हवा (ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो) आणि फ्यूजचे डबे कुठे आहेत. मग बॉनेट उघडून दहा मिनिटं नुसतं पाहा. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत ८, १०, १२, १४, १७ मिलिमीटर हे माप पुन्हा पुन्हा येतात आणि चाकाला १९ चा नट असतो. ह्युंदाईच्या चाकांना २१ चा लागतो. फोक्सवॅगन-स्कोडात चाकाला नट नसून बोल्ट असतात, त्यांना १७ ची गोटी (सॉकेट) बसते आणि आत बऱ्याच ठिकाणी चांदणीच्या आकाराच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू भेटतात.

ही यादी खिशात असेल तर शंभर नगांच्या चकचकीत पेटीला तुम्ही भुलणार नाही. त्यातला मोठा भाग इंची मापांचा असतो आणि तो आपल्या गाड्यांना उपयोगाचा नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, अशा ठिकाणी सुटं हत्यार हातात घेऊन पाहता येतं. पाने आणि पकडीसाठी नाशिकच्या सातपूरची तापारिया मी डोळे झाकून घेतो. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुने, जाड, चांगल्या पोलादाचे रिंग पानेही मिळतात. फक्त जबडा फाकलेला किंवा कड झिजलेली नाही ना, हे निरखून घ्या.

दुसरी पायरी: चाकाची हत्यारं

पेटीत सगळ्यात आधी ही यावीत, कारण रस्त्यात अडल्यावर नेमकी हीच लागतात. चार सुती, म्हणजे अर्धा इंची, लांब दांडा (दुकानात ब्रेकर बार म्हणून मागा), त्याला बसणारी तुमच्या नटाच्या मापाची खोल गोटी आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची जाड फळी.

कामाचा क्रम असा. सपाट, टणक जागा निवडा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. चाक हवेत गेलं की ते नटाबरोबर फिरायला लागतं. मगच दाराखालच्या पत्र्याच्या दोन खाचांमध्ये जॅक लावून गाडी उचला. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, म्हणजे जॅक सटकलाच तर गाडी त्यावर टेकेल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. खाली शिरून काम करायचं असेल तर दोन जॅक स्टँड (गाडी टेकवायचे लोखंडी आधार) हवेतच. या एका बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

चाक बसवताना नट हातानेच चढवा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले तर आटे नीट बसले असं समजा. पाना लावून सुरुवात केली आणि नट तिरका चढला, तर आटे मारले जातात. आट्यांना तेल किंवा ग्रीसही लावू नका, कारण मग त्याच जोरात नट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. गाडी खाली घेऊन समोरासमोरच्या जोडीने आवळा.

किती आवळायचं, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. धरा, पुस्तिकेत ८५ न्यूटन मीटर दिलंय. पाव मीटर लांबीच्या दांड्यावर ते साधायला साधारण ३५ किलोचा जोर लागतो, म्हणजे दोन हातांनी दमदार दाब. त्याच दांड्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर पीळ १७० न्यूटन मीटरच्या पुढे जातो, हव्या त्याच्या दुप्पट. अर्ध्या मीटरच्या पाइपावर उभा राहिला तर चौपट, आणि मग बोल्ट ताणला जातो किंवा तुटतो. म्हणून पाइप आणि लांब दांडा फक्त नट सोडवायला वापरा.

आवळायला टॉर्क रेंच. माझं सगळ्यात लाडकं हत्यार हेच. मुठीवरचा आकडा ८५ ला फिरवायचा, कुलूप लावायचं, आणि एकसारखा, संथ जोर लावत राहायचं. ठरलेल्या जोराला पोचताच आत टक् असं होतं, ते हाताला आधी कळतं आणि कानाला मागून. तिथेच थांबायचं. खात्री म्हणून पुन्हा पुन्हा टक् टक् केलं की नट जास्त आवळला जातो. या रेंचने नट कधीही सोडवू नका आणि काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते आणि आकडे खोटे दाखवू लागते. चाक लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासा.

तिसरी पायरी: गोट्या आणि रिंग पाने

तीन सुती रॅचेट (नटावरून न काढता पुढे-मागे हलवायचा दांडा), ८ ते १९ च्या सहा कोनी गोट्या, दोन लांबीचे एक्स्टेन्शन आणि त्याच मापांचे रिंग पाने. बॉनेटखालची निम्म्याहून जास्त कामं एवढ्यावर होतात. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते खरी, पण ती नटाला कोपऱ्यांजवळ धरते. गंजलेल्या नटाचे कोपरे तिथेच मारले जातात. स्क्रू पाना, म्हणजे जबडा कमी-जास्त होणारा, नळाच्या कामाला ठेवा. गाडीवर तो फक्त तेव्हा चालतो जेव्हा दुसरं काहीच हाताशी नसतं.

जाम झालेल्या नटाशी धसमुसळेपणा नको. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चहा घेऊन या. पंधरा-वीस मिनिटांनी नटाच्या डोक्यावर हातोडीने चार-पाच नेमके टोले द्या. कंपनाने तेल आत उतरतं. मग आधी केसभर आवळा, आणि नंतर सोडवा. आवळताना गंजाचा थर तुटतो, म्हणून उलट बाजूला नट हलका जातो. नाही सुटला तर पुन्हा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या.

१० ची गोटी मात्र दोन घ्या. बॅटरीच्या टर्मिनलपासून एअर फिल्टरच्या खोक्यापर्यंत तीच लागते, आणि इंजिनाच्या कोपऱ्यात पडून दिसेनाशी होते तीही तीच.

स्क्रूड्रायव्हरबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जपानी वंशाच्या जुन्या गाड्यांत काही फुलीच्या स्क्रूंवर एक बारीक टिंब असतं. ते जपानी मापाचे (जेआयएस) स्क्रू. त्यांची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स टोकापेक्षा थोडी वेगळी असते, म्हणून नेहमीचा स्क्रूड्रायव्हर जोर लावला की वर निसटतो आणि फुली गोल करून टाकतो. जेआयएस टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा, तो दोन्ही प्रकारच्या स्क्रूंना चालतो.

चौथी पायरी: मल्टिमीटर

गाडी सुरू होईना की पहिला आरोप बॅटरीवर येतो. माझ्या जुन्या गाडीचंही तसंच झालं. दुकानात सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका. घरी येऊन मल्टिमीटर (विजेचा दाब मोजणारं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर लावला, लाल टोक धनावर, काळं ऋणावर. इंजिन चालू असताना १२.१ दिसत होते आणि आकडा हळूहळू उतरत होता. म्हणजे बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नव्हतं. इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ढिला होऊन घासत होता. पट्टा बदलला, तीच बॅटरी पुढे दोन वर्षं चालली.

तुम्हीही हे तीन आकडे मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीचा जीव गेला आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत हा तिसरा आकडा कॉम्प्युटर मुद्दाम खाली-वर करतो, तिथे घाईने निष्कर्ष काढू नका.

टर्मिनल सोडवताना आधी ऋण, मग धन, लावताना उलट. गाडीची सगळी बॉडी ऋणाला जोडलेली असते. धन सोडवताना पाना पत्र्याला टेकला आणि ऋण अजून जोडलेलं असेल, तर पान्यातून थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडा करा, मग थोडं व्हॅसलीन.

पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा तुटलेली वायर शोधायलाही मल्टिमीटरच कामी येतो. कंटिन्युटीवर ठेवा, वायर सलग असेल तर बीप वाजतो.

पाचवी पायरी: ओबीडी रीडर

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवायची सोय, सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ रीडर लावला की इंजिनाचा पिवळा दिवा का लागला ते फोनवर दिसतं. कोड दिसताच पुसू नका, आधी लिहून घ्या.

कोड म्हणजे रोगाचं नाव नव्हे, तो फक्त गल्ली दाखवतो. समजा पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. ठिणगी पाडणारा प्लग खराब, त्याला वीज देणारी कॉइल खराब, की इंधन सोडणारा इंजेक्टर? इंजिन बंद आणि गार असताना पहिली आणि दुसरी कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच बदलायची. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे, प्लगकडे वळा. एक १० ची गोटी आणि अर्धा तास, एवढ्यात हे कळतं.

पेटीच्या वरच्या कप्प्यातली छोटी मंडळी

डोक्याला बांधायचा दिवा: दोन्ही हात मोकळे राहतात. लांब होणारं चुंबक: पडलेला बोल्ट उचलायला. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या: डॅशबोर्डच्या क्लिपा ओरखडा न पाडता निघतात. स्टीलच्या वाटीखाली जुन्या स्पीकरचं चुंबक चिकटवून मी नट-बोल्ट ठेवायला वाटी केली आहे. धक्का लागला तरी काही सांडत नाही. आणि फोनचा कॅमेरा, हो, तोही हत्यारच. खोलण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो काढा.

पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात आणि हायब्रिडमधल्या नारिंगी वायरींत जीवघेणा विद्युतदाब असतो. त्यांना हात लावू नका. ब्रेकचं तेल आणि पेट्रोलची लाइनही जाणत्या मेस्त्रीकडेच जाऊ द्या.

काम संपलं की हत्यारं मोजून आत ठेवा. बॉनेट लावण्याआधी मोजा, नंतर नाही. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पाने आठवड्यात तांबूस पडतात. शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा प्रत्येकावरून फिरवा आणि नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाकून द्या. चाकाची गोटी, लांब दांडा आणि दिवा मात्र घरच्या पेटीत ठेवू नका. त्यांची जागा डिकीत, स्टेपनीशेजारी.