नॉर्थ बर्विक लॉ चढताय? या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला आलेले आपले लोक वाचतात की जवळच्या नॉर्थ बर्विक गावची ही टेकडी (‘लॉ’ म्हणजे तिकडे टेकडीच) फक्त १८७ मीटर आहे, आणि गडबड तिथेच सुरू होते. सह्याद्रीतले गड केलेल्या माणसाला एवढी उंची म्हणजे काहीच नाही वाटतं, मग जीन्स, गुळगुळीत सोलचे शूज आणि जॅकेट हॉटेलवर. अहो पण ही टेकडी एकटीच उभी आहे, भोवती सपाट शेतं, पुढे समुद्र, वारा अडवायला काहीच नाही. पायथ्याशी टी-शर्टवर छान वाटतं आणि माथ्यावर कान दुखायला लागतात. जूनमध्येसुद्धा विंडप्रूफ जॅकेट सॅकमध्ये पाहिजेच, छत्रीचा इथे उपयोग नाही.

दुसरी चूक शॉर्टकट, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते. पायवाट टेकडीच्या अंगाने वळसा घेत चढते, पण लोकांना माथा समोर दिसतो ना, मग सरळ गवतातून वर. हा मुळात ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण दगड आहे, भोवतीचा मऊ भाग झिजून गेला आणि हा उरला, म्हणून बाजू इतक्या उभ्या. ओल्या गवतावरून चढता येतं, उतरताना मात्र पाय सटकतात. शिवाय इथे लोहयुगातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, प्रत्येक नव्या शॉर्टकटने तिथली माती सुटते, आपल्या गडांवर हेच बघून आपण हळहळतो की नाही? अडकलातच तर खाली उडी-बिडी मारू नका, बसून घ्या आणि बसूनच हळूहळू जवळच्या पायवाटेकडे सरका. कोणाला लागलं तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

धुकं. वसंतात-उन्हाळ्यात नॉर्थ सी वरून ‘हार’ येतं, म्हणजे गावात ऊन असतानाही समुद्रावरून पांढरा पडदा सरकत येऊ शकतो. ते आलं की थांबा, मळलेली वाट सोडू नका, आणि निघण्याआधीच माथा दिसत नसेल तर हार्बरवर वेळ काढा. कारण वर जायचं ते समुद्रातलं बास रॉक हे खडकाळ बेट बघायला, उन्हाळ्यात गॅनेट या समुद्री पक्ष्यांनी अख्खा खडक पांढरा दिसतो, दुर्बीण असेल तर नक्की न्या.

डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो. वर जाऊन यायला तासभर पुरतो हे खरं, पण स्टेशनपासून पायथ्यापर्यंत चालायचं असतं ते कोणी धरतच नाही, म्हणून जेवण नंतर, टेकडी आधी.

माथ्यावरची व्हेल माशाच्या जबड्याची कमान खरी समजून काही जण हिरमुसतात. खरी हाडं कुजायला लागली म्हणून २००५ मध्ये उतरवली, आत्ताची २००८ पासूनची फायबरग्लासची आहे. फोटो काढा, तिच्यावर चढू नका.

एक्समूर जातीची घोडी चरताना दिसतील, त्यांना बिस्किटं देऊ नका, ती गवत आटोक्यात ठेवायला सोडलीत. आणि गवतात बसलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेपाशी गोचीड बघा. चिकटलेली दिसली तर तेल लावू नका, चिरडू नका, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, आणि नंतरच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला तर लगेच डॉक्टर गाठा.