मेंढरं नसली तरी तो वळणारच: या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी आता बॉर्डर कॉली, शेल्टी, कॉर्गी ही गुरं-मेंढरं हाकणाऱ्या जातींची कुत्री सर्रास दिसतात आणि मालकांची तक्रार ठरलेली: "पोरांच्या घोट्याला चावतोय." चावत नाही, मेंढरं वळावीत तसा पोरांना वळतोय, म्हणजे हाकून गोळा करतोय. रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, तोंड घालणं, मारणं हा शिकारीचा क्रम. मेंढपाळांनी निवडून निवडून पहिल्या तीन पायऱ्या ठळक केल्या, शेवटची पुसत आणली. बॉर्डर कॉलीचं मूळ ज्या ओल्ड हेंपपाशी जातं, तो १८९३ चा कुत्रा न भुंकता नजरेनंच मेंढरं हलवायचा. कॉर्गीत मात्र टाचेला चिमटा मुद्दाम टिकवला, कारण गाय नुसत्या नजरेला भीक घालत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चिमटा बसल्यावर मारणं. अंगणात पकडापकडी सुरू होते, किंचाळणं वाढतं. कुत्र्याची मान खांद्याच्या रेषेत उतरते, शेपूट खाली, एक पुढचा पाय अधांतरी आणि सगळं अंग थिजलेलं. हे दोन सेकंद तुमचे. तेव्हाच हाक मारा, वळून आला की चिकनचा तुकडा. एकदा सुटला की हाका वाया. घरची मोठी माणसं तेव्हा फोनमध्ये असतात आणि नंतर पेपरची गुंडाळी घेऊन धावतात. मारानं खोड जात नाही. मार खाल्लेला कुत्रा इशारा द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थिजल्याशिवाय थेट दात लावतो.

पोरांनाही शिकवा: तो मागे लागला की पुतळा व्हायचं. हलणारं काही उरलं नाही की त्याचं कामच संपतं. पळणं आणि ओरडणं हेच त्याचं बक्षीस. सुरुवातीचे काही आठवडे घरात पट्ट्याला दोन मीटरची हलकी दोरी लोंबती ठेवा, तीवर पाय दिला की झालं. मोठी माणसं समोर असतानाच ती बांधा. पाहुण्यांची पोरं जमली तर कुत्रा आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. कातडी फाटली तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरी चूक गेटपाशी बांधण्याची. पहाटे दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येते, कुत्रा साखळी ताणून भुंकतो, गाडी निघून जाते. गाडी तशीही जाणारच होती, पण त्याच्या हिशेबात त्यानं ती पिटाळली. दिवसातून पन्नास वेळा असा जिंकलेला कुत्रा फिरायला नेल्यावर चाकावर झेपावला तर नवल नाही. गेटला खालून पत्रा लावा, त्याची जागा परसात हलवा. मग पाच मीटरच्या दोरीवर रस्त्यापासून तीस मीटर लांब बसायचं. गाडी दिसली आणि त्यानं तुमच्याकडे पाहिलं की खाऊ. सलग तीन दिवस शांत राहिला तर दोन-तीन मीटर पुढे. रोज पाच मिनिटं, दोनदा. आठवड्यात निकाल हवा असेल तर मासे पाळा.

लेझरचा ठिपका तर नकोच. पकडून संपत नाही, म्हणून कुत्रा पुढे फरशीवरचा उजेड आणि सावल्या शोधत बसतो. ही सवय मोडणं फार अवघड.

"दमवला की शांत होतो" म्हणून शंभर वेळा चेंडू फेकू नका, दम तेवढा वाढतो. पाच फेकी पुरे, मग गवतात मूठभर खाणं विखरून दहा मिनिटं नाकाचं काम. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

"धनगराच्या कळपात सोडून बघू"? आपल्याकडच्या धनगरांचा कुत्रा रात्री वाड्याची, म्हणजे मेंढरं बसवलेल्या जागेची, राखण करतो. मेंढरं धनगर स्वतः काठीनं आणि हाळीनं वळवतो. तुमची न शिकलेली कॉली तिथे कळप उधळेल, एखादी मेंढी पाय मोडून घेईल आणि राखणीची कुत्री कॉलीचा समाचार घेतील.

म्हशीशी गाठ त्याहून वाईट. गंगावेशीत दूध कट्ट्यावरून जाताना दोरी आखूड धरा: मागून टाचेला गेला तर लाथ, पुढून गेला तर शिंग. दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या म्हशी पळवतात तेव्हा त्याला घरातच ठेवा, खिडकी लावून.