पत्रिकेला जुन्या छापील पुस्तकाचा लूक हवाय? हे दोन फॉन्ट पुरतात

लग्नाची पत्रिका किंवा मसाल्याचं लेबल जुन्या छापखान्यातलं वाटावं म्हणून आपण दहा फॉन्ट टाकून बघतो आणि शेवटी सगळं गजबजल्यासारखं दिसतं. मी आता एवढंच करते:

१. गूगल फॉन्ट्सवरून 'तिरो देवनागरी मराठी' आणि 'रोझा वन' उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत.

२. फक्त नाव किंवा मथळा रोझामध्ये, तोही मोठा, कारण त्याच्या जाड रेघा खूप जाड आणि बारीक अगदी केसाएवढ्या, लहान साइझला त्या उडूनच जातात (व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका).

३. बाकी तारीख, पत्ता, निमंत्रक सगळं तिरोमध्ये. यातला इंग्रजी मजकूरही जुन्या सेरिफ वळणाचा (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) आहे, त्यामुळे शेजारी ठेवला तरी परका वाटत नाही.

४. उतरवताना नावात 'मराठी' आहे ना ते बघा, हिंदी आणि संस्कृतचे तिरो वेगळे आहेत. 'शुभ लग्न' टाइप करून बघा, पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे ही दोन अक्षरं मराठी वळणाची दिसली की झालं.

तिरोला बोल्ड मात्र करू नका, त्यात बोल्ड नाहीच, सॉफ्टवेअर उगाच अक्षर फुगवतं आणि जोडाक्षरं बुजतात, ठळक हवं तर साइझ वाढवा.