वृद्धाश्रम निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आईवडिलांची आजची तब्येत बघून जागा ठरवणं. बाबा काठी घेऊन फिरतात, आपली आपण अंघोळ करतात, म्हणून बाग आणि भजनाचा हॉल असलेली जागा पसंत पडते. पण बऱ्याच सशुल्क वृद्धाश्रमांची अट असते की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. उद्या खुब्याचं हाड मोडलं किंवा अर्धांगवायू झाला, की ‘आता दुसरीकडे सोय बघा’ असं सांगितलं जातं, आणि तेव्हा घाईत मिळेल ती जागा धरावी लागते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: अंथरुणाला खिळले तर ठेवून घ्याल का? रात्री ताप चढला तर कोणत्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण थांबणार? उत्तरं करारात लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, बघू की’ला काही अर्थ नसतो. स्मृतिभ्रंश असेल तर तो लपवून प्रवेश घेऊ नका. त्या माणसाला हा आजार समजणारे कर्मचारी लागतात, आणि रात्री-बेरात्री एकट्याने बाहेर पडता येणार नाही असं फाटकही.

दुसरी चूक, रविवारी सकाळी आधी कळवून जाणं. तेव्हा सगळं स्वच्छच असतं. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. ताट पुढे ठेवून निघून जातात, की ज्याला भरवावं लागतं त्याच्याजवळ कोणी बसतं? पाण्याचा तांब्या झोपलेल्या माणसाच्या हाताशी आहे का? पलंगाजवळची बेल दाबून बघा आणि कोण येतं, किती वेळाने येतं ते पाहा. नखं कापलेली आहेत का, खोलीत लघवीचा वास आहे का, बाथरूमला उंबरठा आहे का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रात्रपाळीला किती मावशी असतात आणि त्या किती जणांचं बघतात, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

पैशांचं बोलताना महिन्याचा आकडा ऐकून थांबू नका. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, रुग्णालयातली सोबत यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून मिळेल, तेही लिहून घ्या. मुलं परदेशात असतील तर जवळ राहणारं, रात्री फोन उचलणारं कोणीतरी आधीच ठरवा.

‘चार दिवस हवापालटाला जाऊ’ असं सांगून आईला तिथे सोडून येणं, ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. शक्य असेल तर तिला सोबत नेऊन दोन-तीन जागा दाखवा, आठवडाभर राहून बघू द्या. तिला आवडलेली जागा थोडी लांब असली तरी चालेल.

आणि प्रवेश झाल्यावर? ‘जेवत नाहीत’ अशी तक्रार आली की मन लागत नाही म्हणून सोडून देऊ नका. आधी कवळी बघा. ती हरवलेली असते, बदललेली असते, किंवा टोचत असते. कवळीच्या डबीवर आणि कानाच्या यंत्राच्या पेटीवर पहिल्याच दिवशी नाव घाला. बोलणं एकदम कमी झालं तर यंत्राचे सेल संपलेत का बघा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. भेटीला गेलात की टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी स्वतः पाहा. तिथला लालसरपणा दाबूनही जात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तक्रार व्यवस्थापकाकडे लेखी द्या, तारखेसह. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, क्रमांक १४५६७. फोन आईबाबांनीच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.